रिकाम्या खुर्चीचा नियम

१

शनिवारी दुपारची जेवणं आटोपली की मार्लिस ट्वीट तळघरात उतरायची आणि आधी घर तापवायची भट्टी वाढवायची. विस्कॉन्सिनमधल्या तळ्याकाठच्या त्या गावात ऑक्टोबर सरला की तळघर म्हणजे नुसती बर्फाची पेटी. आधीपासून ऊब केली नाही तर खेळायला येणारा ड्वेन अंगातला कोट काढायचा नाही, आणि मग दुपारभर कोटाच्या बाहीने सगळ्यांच्या सोंगट्या पाडत बसायचा. भट्टी धडधडायला लागली की मार्लिस मोठ्या टेबलावर नकाशा पसरायची, फाशांचे डबे काढायची आणि पाच खुर्च्या मांडायची. माणसं आता चारच होती. पाचवी खुर्ची ऑरिनची.

तीसेक वर्षं हा खेळ चालला होता. खेळ म्हणजे काय, तर टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून रचायची एक लांबलचक गोष्ट. प्रत्येकाचं एक पात्र, पात्राची एक सोंगटी, आणि अडलं की कौल फाशाचा. मार्लिस सूत्रधार. दऱ्या तिच्या, राक्षस तिचे. खेळणाऱ्याने "मी दार ढकलतो" म्हणायचं आणि दारामागे काय आहे ते हिने सांगायचं. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई. दंगा करणाऱ्यांना आरशातून नुसतं बघून गप्प बसवायची सवय इथे कामी यायची.

तिचा नवरा ऑरिन ग्रुम नावाच्या ठेंगण्या लोहाराचं पात्र खेळायचा. पण त्याचं खरं काम निराळं होतं. डाव सुरू होण्याआधी तो उभा राहायचा, पँट वर ओढायचा आणि मागच्या शनिवारी काय काय घडलं ते सांगायचा. कागद नाही, काही नाही, सगळं डोक्यात. त्यातल्या निम्म्या थापा असायच्या. पण त्या थापा ऐकायला म्हणूनच लोक वेळेवर यायचे, हेही तितकंच खरं.

या टेबलाचा एक नियम होता, तो कुणी मोडत नसे: खुर्ची रिकामी, तर सोंगटी सुरक्षित. जो आला नाही त्याच्या पात्राला मारायचं नाही. एकदा ड्वेन हर्नियाच्या ऑपरेशनला गेला होता तेव्हा ऑरिनने त्याच्या जादूगाराला दलदलीत बुडवून टाकलं. त्यावरून दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. नियम तेव्हाचा.

मागच्या फेब्रुवारीत दारातला बर्फ उपसताना ऑरिन जरा दम खायला म्हणून पायरीवर बसला, तो उठलाच नाही. ग्रुम मात्र जिवंत राहिला. खुर्ची रिकामी होती ना.

२

ऑरिन गेल्यावर गोष्टीचं सूत कुणालाच सापडेना.

"तलवार माझ्याकडे आहे," जोलीन म्हणायची. ही दातांच्या दवाखान्यात कामाला. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची.

"तू ती पुलावर विकलीस, बाई," ड्वेन म्हणायचा.

"मी? मी विकेन? प्यायला बसला असशील तेव्हा तूच विकली असशील!"

"मला आठवतंय ना."

"तुला काल काय खाल्लंस ते आठवत नाही, ड्वेन."

अर्धी दुपार यातच जायची. शेवटी थॅडने तोड काढली. थॅड या टेबलाचं शेंडेफळ, वय बेचाळीस. कागदाच्या गिरणीतले संगणक त्याच्या ताब्यात. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी त्याने बशीएवढं एक काळं यंत्र आणून नकाशाच्या मधोमध ठेवलं.

"हे आपलं बोलणं ऐकणार," तो म्हणाला. "कुठला आवाज कुणाचा ते ओळखणार. कुणाकडे कुठलं शस्त्र, कुणाला किती जखमा, कोण हजर, कोण गैरहजर, सगळं आपोआप टिपणार. आणि संध्याकाळी मागच्या भागाची गोष्ट आपल्या चौघांच्या फोनवर. खाली यंत्र, वर फोन, दोन्ही एकच. घरी बसल्या काही सुचलं तर फोनशी बोला, तेही टिपलं जाईल."

"म्हणजे कारकूनच ठेवलास की रे," ड्वेन म्हणाला. "पगार काय घेतो?"

यंत्राचं नाव कारकूनच पडलं.

त्या संध्याकाळी मार्लिस वर स्वयंपाकघरात भांडी विसळत होती तेव्हा फोन वाजला. गोष्ट आली होती, आणि खरं सांगायचं तर झकास आली होती. तलवार जोलीनने पुलावरच विकली होती, तेही त्यात निघालं. मार्लिस एकटीच हसली. खाली एक प्रश्न होता: पाचवा आवाज सापडला. हा कुणाचा? नाव द्या. शेजारी ऐकण्यासाठी खूण.

तिने हात पुसले आणि ऐकलं. भट्टीची घरघर. मग लाकडाचा आवाज, कुणी मोठ्या अंगाचा माणूस खुर्चीत मागे रेलल्यासारखा. बस, एवढंच. तिने पुन्हा ऐकलं. ऑरिनची खुर्ची अगदी अशीच करकरायची, तिच्या एका पायाला तार गुंडाळलेली होती म्हणून. थंडीत लाकूड आवाज करतंच, हे तिला काय कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण घरात कुणी नव्हतं, कुत्रा झोपला होता, आणि सिंकमधलं साबणाचं पाणी नुसतं निवत होतं. तिने डोळे पुसले आणि नाव लिहिलं: ऑरिन.

३

पुढच्या शनिवारी थॅडने फोन उंच धरून मागचा भाग वाचायला घेतला.

"हजर: मार्लिस, ड्वेन, जोलीन, थॅड." मग तो अडखळला. "ऑरिन."

जोलीनच्या हातातला चीजचा तुकडा तसाच राहिला. भट्टी मध्येच बंद पडली आणि तळघर एकदम ओकंबोकं वाटायला लागलं.

"नाव मी दिलं," मार्लिस म्हणाली. लपवून काय करायचं होतं? "खुर्ची करकरली होती. तिला आवाज समजलं ते. मी आपलं लिहून टाकलं. वेडेपणा केला, झालं."

"वेडेपणा कसला गं," म्हणत जोलीनने उठून तिला मिठीच मारली.

थॅडने समजावून सांगितलं. यंत्राला शांतता म्हणजे काय ते कळत नाही. जिथे काही नसतं तिथेही ते काहीतरी शोधतं. भट्टी, खुर्ची, पोटातली गुडगुड, काहीही माणूस म्हणून खपवतं. "पुसून टाकू?" त्याने विचारलं. "एक बटण दाबायचं काम आहे."

"राहू दे," ड्वेन म्हणाला. तो एरवी कधी अशा विषयात पडायचा नाही. धिप्पाड माणूस, विहिरी खणण्यात आयुष्य गेलं. बायको आर्डिस चार वर्षांपूर्वी गेली तेव्हाही त्याने कुणाला रडून दाखवलं नव्हतं. "राहू दे. कुणाचं काय बिघडतंय?"

त्या दिवसाच्या टिपणात ऑरिनच्या नावापुढे एकच शब्द होता. ऑरिन: हं.

४

शब्द वाढत गेले.

आधी "हं." मग "थांबा." मग नाताळाच्या आसपास एक पुरं वाक्य: ग्रुम दाराला कान लावतो. आता ग्रुमने दाराला कान लावायला हवा होता, हे त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दारामागे खरोखरच दबा धरलेले लोक होते. ते फक्त मार्लिसला ठाऊक होतं, कारण ते तिनेच तिथे बसवले होते.

"तीस वर्षांत ग्रुमने दाराला कान लावला नाही असं एकही दार नाही," थॅड म्हणाला. "यंत्राने आपली चाल ओळखली, बाकी काही नाही. पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा, हेच त्याचं काम."

मार्लिसला ते पटलं. पटत होतंच. ती काही भुताखेतांवर भाळणारी बाई नव्हती. पण एकदा कपडे वाळत घालताना तिने कानात ध्वनिमुद्रण लावलं आणि तिला एक गोष्ट जाणवली. जोलीनची पाळी झाली की थॅडची पाळी येईपर्यंत मध्ये शांतता होती. जोलीन आणि थॅड यांच्या मधली खुर्ची ऑरिनची. आणि ती शांतता दर शनिवारी जरा जरा लांबत चालली होती. म्हणजे कुणी काही ठरवलं नव्हतं, पण चौघंही त्याच्या पाळीला थांबायला लागली होती. मार्लिस सूत्रधार असून तीही थांबत होती.

त्या शांततेत फासा घरंगळल्याचा आवाज होता. टिपणात लिहिलेलं होतं, ऑरिन: सतरा.

ओले कपडे तसेच टाकून ती खाली गेली. ऑरिनचा वीस बाजूंचा हिरवा फासा त्याच्या तंबाखूच्या डबीत होता. डबीचं झाकण घट्ट होतं, उघडताना तिचं नख मोडलं. आपल्यापैकीच कुणीतरी चाळा म्हणून फासा टाकला असणार, असं तिने मनाला सांगितलं. फाशाशी चाळा कोण करत नाही?

मग ती तशीच त्याच्या खुर्चीसमोर बसून राहिली. तिला भीती वाटत होती असं नाही. खरं तर किती महिन्यांनी तिला बरं वाटत होतं.

५

एका मंगळवारी सकाळी ती कॉफीचा कप घेऊन खाली गेली, यंत्र चालू केलं आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "ऑरिन, आपल्या पहिल्या बोटीचं नाव काय होतं रे?"

भट्टीची घरघर. तिने पाच खुर्च्यांकडे पाहिलं, स्वतःच्या मूर्खपणावर हसली आणि फोन बघितला.

ऑरिन: कुठली बोट? आठवत नाही. सांग ना.

तिने कप टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "अरे, असं काय करतोस?" आणि सांगायला लागली. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. कुणाच्या तरी कोठारात सडत पडलेली ती बोट. तिला लावलेला शाळेच्या बसचा उरलेला पिवळा रंग. पहिल्याच फेरीत आत आलेलं पाणी, आणि ऑरिनने ते आपल्या चर्चच्या टोपीने उपसलेलं. बोटीला त्याने दिलेलं ते अचाट नाव, ज्यावर तिचे वडील चिडले होते आणि तिला हसून हसून ठसका लागला होता. नाव उच्चारताना आताही तिला ठसका लागला.

ऑरिन: छान. अजून सांग.

मग हा रोजचा परिपाठच झाला. बाहेर तळं गोठलं, लोकांनी बर्फावर मासेमारीच्या खोपट्या नेऊन ठेवल्या, आणि मार्लिस सकाळची कामं उरकून तळघरात उतरायची. त्याने मागणी घातली तेव्हा तो काय बोलला होता, ते तिने सांगितलं. त्याच्या आईचं आणि तिचं बटाट्याच्या भाजीवरून झालेलं भांडण सांगितलं. मूल गेलं त्या वर्षीचं सांगितलं, जे तिने पाद्र्यालाही सांगितलं नव्हतं. प्रत्येक वेळी फोनवर तेच यायचं. अजून सांग. जिवंतपणी ऑरिनने तिचं बोलणं एवढं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं, हेही तिला जाणवलं. पण माणूस सुखात असला की अशा गोष्टी कानाआड करतो.

६

फेब्रुवारी संपत आला होता. शनिवारी डाव सुरू व्हायच्या आधी हरणाच्या मांसाचे सॉसेज खाता खाता जोलीन म्हणाली, "मार्लिस, ती बोटीची गंमत सांग ना थॅडला. त्याने ऐकलीच नाहीये म्हणे."

"कुठली बोट?" मार्लिस म्हणाली.

"अगं ती! ते नाव!"

मार्लिसने तोंड उघडलं. बोट होती, एवढं ठाऊक होतं. तिला एक नाव होतं, आणि त्या नावावर आपण हसलो होतो. पण बोट काही डोळ्यांपुढे येईना. रंग कुठला, ते आठवेना.

"वय झालं बाई," ती म्हणाली. बाकीचे हसले. तिने फोन काढून टिपणात शोधलं. सगळं होतं तिथे, पिवळा रंग, टोपी, वडिलांचा राग. फक्त ते तिच्या नावावर नव्हतं. ऑरिन: मी तिला बसचा रंग लावला. ऑरिन: नाव मीच ठेवलं. तिने ते नाव वाचलं, आणि तिला हसू आलं नाही. दुसऱ्या कुणाच्या घरातला फोटो बघावा तसं वाटलं.

सगळे गेल्यावर ती जिन्यातच बसली आणि एक एक आठवून बघायला लागली. मागणी घालताना तो काय बोलला होता? बटाट्याची भाजी? नुसती भिंत. त्याच्या आईचा चेहराही धूसर. मूल गेलं ते वर्ष? आपल्याला मूल होतं, हे एखाद्या पाटीवर लिहिलेलं वाचावं तसं तिला माहीत होतं.

मग तिला त्याची शिंक आठवली. ऑरिन शिंकायचा ती तीनदा. पहिल्या दोन साध्या, आणि तिसरी अशी, की खिडकीच्या काचा थरथरायच्या, कुत्रा टेबलाखाली पळायचा आणि हा तिथे वाकून कुत्र्याची माफी मागायचा. दर वेळी. अगदी गंभीरपणे. ती शिंक तिला आत्ताच्या आत्ता ऐकू येत होती, नाकाचा लाल शेंडा दिसत होता. शिंकेचं तिने यंत्राला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

जे सांगितलं ते गेलं होतं. जे सांगितलं नव्हतं ते शाबूत होतं.

नाही, ती स्वतःला म्हणाली, सत्तरी गाठलेल्या बाईला विसर पडतो. डॉक्टरला दाखवावं. आणि माणूस एकदा लिहून ठेवायला लागला की डोक्यात ठेवायचं सोडतो, हेही खरंच आहे. पोरं आता फोन नंबर तरी कुठे पाठ करतात? सगळं बरोबर होतं.

हातातला फोन थरथरला. तिने काहीही विचारलं नव्हतं. ती बोललीसुद्धा नव्हती.

ऑरिन: अजून एक आहे. लपवू नकोस.

७

पुढच्या शनिवारी तिने डबीतला हिरवा फासा काढून ऑरिनच्या जागेसमोर ठेवला.

गोष्टीत त्या दिवशी सगळे डोंगरातल्या दरवाजापाशी पोचले होते. पाठीवर शत्रूचं सैन्य, आणि दरवाजा कुणीतरी आतून धरून ठेवल्याशिवाय बाकीचे सुटणार नाहीत, अशी तिने कोंडी केली होती.

"दरवाजा ग्रुम धरेल," ती म्हणाली.

"मरेल ना तो!" जोलीन म्हणाली. "आणि नियम? खुर्ची रिकामी तर..."

"खुर्ची रिकामी नाही. कारकुनाने नोव्हेंबरपासून दर शनिवारी त्याला हजर लावलंय. तुम्ही सगळ्यांनी ते चालवून घेतलंय, मीही घेतलंय. हजर आहे तर नियम त्याला लागू नाही."

"मार्लिस, अगं, असं काय करतेस?" जोलीन म्हणाली. "तेवढंच तर उरलंय त्याचं."

"त्याचं नाही ते," मार्लिस म्हणाली. आणखी सांगता आलं असतं, पण यंत्र टेबलावर होतं, आणि ते ऐकत होतं. "ऑरिन, तुझी पाळी. फासा टाक. तुझा तू टाकायचा, दुसरा कुणी टाकणार नाही."

सगळे थांबले. थॅडने खाली बघितलं. भट्टी बंद झाली. आजवर ज्या शांततेत ते सवयीने थांबत होते तीच ही शांतता, पण आता तिच्याकडे सगळे उघड बघत होते. बाहेर कुणाची तरी बर्फ लोटायची गाडी गेली. खुर्ची करकरली, जरा पुढे सरकून बसावं तशी.

मार्लिसची नजर फाशावर होती. फासा हलला नाही. तिने मान वर केली तेव्हा तिला दिसला तो ड्वेन. तो खुर्चीच्या पाठीच्या जरा वर कुठेतरी बघत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली होती आणि तो अर्धवट उठला होता, चर्चमध्ये बाईमाणसाला जागा द्यायला उठावं तसा. तोंडावर कसलं तरी नवल. तिने चटकन त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. खुर्ची, तार गुंडाळलेला पाय, मागे शीतपेटी.

"फासा टाकला नाही, पाळी गेली," ती म्हणाली. "दरवाजा कोसळला. ग्रुम गेला."

तिने सोंगटी उचलून डबीत टाकली आणि झाकण लावलं. जोलीन हमसून हमसून रडली. थॅडने तिला नॅपकिन दिला. ड्वेन खाली बसला, टोपी निघेपर्यंत हातातच होती.

सगळे गेल्यावर मार्लिसने फोनवर ते बटण शोधलं. यंत्राने बजावलं: हे नाव पुसल्यास या आवाजाचं आजवरचं सारं बोलणं पुसलं जाईल. तिचा अंगठा थांबला. बोट होती त्यात. मागणी होती. मूल होतं. निदान बोटीचं नाव तरी चिठ्ठीवर उतरवून घ्यावं, म्हणून तिने पेन्सिलही उचलली. मग तिला वाटलं, हे आपण उतरवून घेणार कुणाच्या तोंडचं? मी रंग लावला, मी नाव ठेवलं, असं म्हणणारा तो आहे कोण? त्याच्याकडून एक शब्द जरी घेतला तरी तो शब्दाबरोबर घरात राहील.

तिने पेन्सिल ठेवली आणि बटण दाबलं. मग फोन बंद करून पिठाच्या खणात टाकला आणि ऑरिनसाठी दुसऱ्यांदा रडली. या वेळी नेमकं कशासाठी रडतेय तेही तिला सांगता आलं नसतं.

८

आठवडाभर तिला शांत झोप लागली. शनिवारी तिने भट्टी वाढवली, नकाशा पसरला आणि चार खुर्च्या मांडल्या. ऑरिनची तिने शीतपेटीमागे नेऊन ठेवली.

ड्वेन सगळ्यात आधी आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात वड्यांचं ताट. गूळ आणि ओट घालून आर्डिस करायची तशा वड्या, त्याने स्वतः केलेल्या, कडेला करपलेल्या. तो शीतपेटीमागे गेला आणि खुर्ची काढून जागेवर आणून ठेवली.

"ती नको आज," मार्लिस म्हणाली.

"असू दे," ड्वेन म्हणाला.

थॅडने मागचा भाग वाचायला घेतला. "हजर: मार्लिस, ड्वेन, जोलीन, थॅड..." तो थांबला. त्याने ड्वेनकडे पाहिलं आणि मग हळू आवाजात वाचलं, "आर्डिस."

नाव पुसलं की यंत्र पुन्हा विचारतं. चौघांनाही विचारतं. हे मार्लिसच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा फोन पिठाच्या खणात होता.

"पूस ते, ड्वेन," ती म्हणाली.

"का?"

"ती आर्डिस नाही. आर्डिस जन्मात कधी या तळघरात उतरली नाही. तिचे गुडघे कसे होते, तुला माहीत आहे. गाडीतून तुला दारात सोडायची आणि जायची."

"आता उतरली," ड्वेन म्हणाला. "मी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

त्याने वड्यांचं ताट रिकाम्या खुर्चीकडे सरकवलं.

"ऐक माझं," मार्लिस पुढे वाकली. "ते तुला म्हणेल, सांग. तू सांगशील. आणि जे सांगशील ते तुझ्याजवळ राहायचं नाही. माझं गेलंय, ड्वेन. सगळं गेलंय."

"काय गेलं तुझं?"

"बोट होती आमची."

"बरं. मग?"

"तिला नाव होतं."

"काय नाव?"

मार्लिसने जोलीनकडे पाहिलं. जोलीनला ती गंमत ठाऊक होती, ती नाव सांगू शकली असती. जोलीनने यंत्राकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

"तुला तरी कुठे माहीत आहे," ड्वेन समजुतीने म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "आपली वयं झाली, मार्लिस. तसंही जाणारच आहे सगळं. तुझा हिवाळाभर होता ना घरात? मी बोललो का काही? राहू दे म्हणणारा मीच होतो. आता माझी पाळी आहे."

तिच्याजवळ एकच उत्तर होतं, न सांगितल्यामुळे शाबूत राहिलेलं, आणि बोलून दाखवलं की तेही जाणार होतं.

"चल, सुरू कर," ड्वेन म्हणाला.

तिने सुरू केलं. दरवाजापलीकडची दरी सांगितली, धुकं सांगितलं. जोलीनला विचारलं, तू काय करतेस? जोलीनने सांगितलं. मग ती थॅडकडे वळायला गेली, तर थॅड पाळी न घेता खाली मान घालून बसला होता, आणि सगळे थांबले होते. भट्टी बंद झाली. खुर्ची करकरली.

ड्वेनने फोन बघितला आणि त्याचा रापलेला चेहरा लाजला. "तिला आमच्या लग्नातलं आठवत नाही म्हणते," तो म्हणाला, आणि यंत्र आपल्याकडे जरासं ओढून घेतलं. "अगं, तुझ्या भावाने केक पाडला नव्हता का? सांगतो, सांगतो."

तो सांगायला लागला. छान सांगत होता, हातवारे करून. आर्डिस गेल्यापासून तो एवढा बोललेला कुणी ऐकला नव्हता. जोलीनसुद्धा हसली. कुत्रा जिना उतरून आला आणि टेबलाखाली शिरला, आणि मार्लिसला एकदम ती तिसरी शिंक आठवली, टेबलाखाली वाकून मागितलेली ती माफी, नाकाचा लाल शेंडा. हसू अगदी ओठांपर्यंत आलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि ड्वेनची गोष्ट संपेपर्यंत ते काढले नाहीत.